चार तासांचं अंतर

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

वय ३९. पाच वर्षांपूर्वी बायपोलर आजाराचं (मन कधी उन्मादाकडे, कधी टोकाच्या उदासीकडे झुकतं तो आजार) निदान झालं. सध्या त्यासाठी लिथियम आणि रात्री क्वेटियापिन, आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम चालू आहे. गेली दोन वर्षं मोठा झटका नाही, नोकरी व्यवस्थित आहे. दर शनिवारी तीन मोठे पेग होतात, कधी मित्रांबरोबर, कधी घरी एकट्यानेच. 'दारू आणि गोळी एकत्र घेऊ नये एवढं मला कळतं. म्हणून आठला सुरू करतो आणि गोळ्या बाराला घेतो. चार तासांचं अंतर ठेवतो. कधी जास्त झाली तर त्या रात्रीच्या सगळ्याच गोळ्या टाळतो.'

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी क्लोनाझेपामच्या पाकिटात चार गोळ्या शिल्लक होत्या. रविवारी उठून पाहिलं तर दोनच. मोबाइलमध्ये रात्री एक वाजून दहा मिनिटांनी बहिणीला केलेला २३ मिनिटांचा कॉल दिसत होता. दोन्हींतलं काहीही आठवत नाही. बहीण एवढंच म्हणाली, 'तू रडत होतास.' बायकोला यातलं काही माहीत नाही. डॉक्टरांना दारूबद्दल आजवर सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते क्लोनाझेपाम बंद करतील आणि झोप जाईल. प्रश्न असा: 'चार तास कमी पडत असतील तर किती तासांचं अंतर ठेवू?'

उत्तर

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी थोडक्यात कळवलं होतं: येणारा शनिवार पिऊ नका, गोळ्या मनाने बंद करू नका आणि डॉक्टरांची वेळ घ्या. आज सविस्तर लिहिते आहे, कारण अंतराचा हा हिशेब तुम्ही एकटेच करत नाही. झोपेची किंवा घबराटीवरची गोळी घेणारे कितीतरी जण तो मनातल्या मनात करतात, आणि आपण काळजी घेतोय या समाधानात राहतात.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. तुमच्या औषधांसाठी सुरक्षित असं तासांचं अंतर नाही. का नाही, ते तुमच्याच शनिवारवरून पाहू.

क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. शुक्रवारी मध्यरात्री घेतलेली गोळी शनिवारी रात्री आठला, तुम्ही पहिला पेग भरता तेव्हा, निम्म्याहून जास्त अंगात असते. तिच्याखाली गुरुवारच्या गोळीचा उरलेला भाग असतो, त्याखाली बुधवारचा. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ती सतत असतेच. म्हणजे बाराची गोळी तुम्ही घेतलीच नाही, तरी दारू क्लोनाझेपामवरच पडते.

आता दारूची बाजू. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. तीन पेग म्हणजे ६० ग्रॅम. यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम निपटतं, आणि ना कॉफी तो वेग वाढवू शकते ना थंड पाण्याची आंघोळ. आठला सुरू केलंत तर बाराला जवळपास निम्मी दारू रक्तात उरलेली असते. तुम्ही ठेवलेलं अंतर घड्याळात होतं. शरीरात ते एक मिनिटाचंही नव्हतं.

दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं? मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. त्याचं काम पेशींना शांत करणं. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या सगळ्या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात. दारूही तेच करते, फक्त वेगळ्या ठिकाणाहून. शिवाय मेंदूला जागं ठेवणारं ग्लुटामेट ती दाबते. नेहमीच्या डोसात नुसत्या क्लोनाझेपामने निरोगी माणसाचा श्वास सहसा थांबत नाही, हे खरं आहे. यामुळेच तर या गोळ्या बार्बिट्युरेट्स या जुन्या झोपेच्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित मानल्या गेल्या. पण तो भरवसा दारू नसताना दिलेला आहे. दारू आली की तीच गोळी श्वास चालवणाऱ्या केंद्रापर्यंत जाऊन त्याला मंद करू शकते. घशाचे स्नायू सैल पडतात, उलटी झाली तर खोकून बाहेर काढण्याची ताकद राहत नाही. घोरणाऱ्याला, झोपेत श्वास अडकणाऱ्याला हा धोका आणखी जास्त.

'मला काही होत नाही, मला तीन पेग चढतच नाहीत,' असंही तुम्ही पत्रात एके ठिकाणी लिहिलंय. याबद्दल मला थोडं थांबायचंय. सवयीने झिंग कमी होते, झापडही कमी येते. पण श्वास मंदावण्याबाबत शरीर तेवढं सरावत नाही. म्हणजे पूर्वी ज्या टप्प्यावर आपोआप झोप लागून हात थांबायचा, तो टप्पा आता येतच नाही आणि माणूस पुढे जातो. न चढणं ही सुरक्षिततेची खूण नव्हे. दारू आणि या गोळ्या शरीराच्या लेखी एकमेकांच्या इतक्या जवळच्या आहेत की एकीची सवय दुसरीलाही लागू होते. तुम्हाला चढत नाही यात गोळीचाही हात असू शकतो.

आता पाकिटाकडे येऊ. खरं सांगायचं तर तुमचं पत्र मी त्या पाकिटासाठीच दोनदा वाचलं.

मेंदूचा हिपोकॅम्पस हा भाग घडणाऱ्या गोष्टींची नोंद करतो. दारू आणि क्लोनाझेपाम दोन्ही ती नोंद बंद पाडतात. माणूस चालतो, बोलतो, फोन लावतो, समोरच्याला फार वेगळं काही जाणवतही नाही, पण लिहून काहीच घेतलं जात नाही. म्हणून तो कॉल आठवण्याचा कितीही प्रयत्न केलात तरी हाती काही लागणार नाही. आणि ज्याला पहिली गोळी घेतल्याचं आठवत नाही, तो दुसरी घेतो. बारा वाजता घेतली, साडेबाराला पुन्हा पलंगाजवळचं पाकीट दिसलं, 'अरे, गोळी राहिली,' असं वाटलं आणि आणखी एक घेतली. त्या रात्री बहुधा असंच झालं असावं. तिसऱ्यांदा तसं वाटलं नाही, एवढंच आपलं नशीब. अपघाताने जास्त गोळ्या पोटात जातात त्या अशाच. मरण्याचा विचारही नसलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडतं.

पण मला तुम्हाला दुसराही प्रश्न विचारलाच पाहिजे. तुम्ही रडत होतात. त्या रात्री, किंवा त्या आधी, जगणं नकोसं झाल्यासारखं वाटलं होतं का? आठवत नसेल तर गेल्या काही महिन्यांतल्या इतर रात्री आठवून पाहा. बायपोलर आजारात आत्महत्येचा धोका मुळातच जास्त असतो. दारू मनाचा बांध सैल करते आणि जो विचार शुद्धीत असताना येऊन निघून गेला असता, तो कृतीपर्यंत नेते. हा प्रश्न विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आजच घरातल्या कुणाला तरी सांगा, सगळ्या गोळ्या त्यांच्या ताब्यात द्या आणि डॉक्टरांना फोन करा. त्यांच्याशी बोलणं होत नसेल तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

'जास्त झाली तर गोळ्याच टाळतो,' हा तुमचा दुसरा उपाय. त्यामागे काळजी आहे हे मला दिसतं, पण त्यातून वेगळं नुकसान होतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते, स्वप्नं वाढतात, पहाटे छातीत धडधड होऊन जाग येते. त्याच रात्री क्वेटियापिन आणि लिथियमही नाही. बायपोलर आजारात झोप बिघडणं हे उन्मादाचं नुसतं लक्षण नसतं. कित्येकदा ती त्याची सुरुवात असते. मग रविवारी तुम्ही चिडचिडे, घाबरे, उदास असता. सोमवारपर्यंत सावरता. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगता, 'मधूनमधून फार अस्वस्थ वाटतं.' डॉक्टर प्रामाणिकपणे डोस वाढवतात किंवा एखादी गोळी जोडतात. तुमचं क्लोनाझेपाम कधी आणि कशासाठी सुरू झालं, ते जरा आठवून बघा. कदाचित गेली दोन वर्षं डॉक्टर तुमच्या रविवारांवर उपचार करत असतील आणि त्यांना शनिवार ठाऊकच नसेल.

लिथियमबद्दल स्वतंत्र सांगते, कारण याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. लिथियमची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांच्यात फार थोडी जागा आहे. बहुतेकांना रक्तात लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल एवढ्यावर ठेवतात आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, काहींना त्याआधीच. दारूने लघवी जास्त होते, उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं आणि लिथियम रक्तात साठू लागतं. त्याची लक्षणं काय? हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, मळमळ, गोंधळलेपण. हे सगळं दारू प्यायलेल्या माणसासारखंच दिसतं. पिऊन झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारीही असं होत असेल तर 'अजून उतरली नाही' म्हणून सोडून देऊ नये. क्वेटियापिनने उभं राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. त्यावर दारू असेल तर रात्री बाथरूमला जाताना पडून डोक्याला मार लागण्याची भीती खरी आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. तुमची झोपेची गोळी झोल्पिडेम असेल तर 'ती दोन-तीन तासांत निम्मी होते, मग काय' असं म्हणू नका. झोपेत उठून चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं आणि सकाळी काहीच न आठवणं या प्रकारांमुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये अशा गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दारूने ही शक्यता वाढते. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, प्रीगाबालिन, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, अमिट्रिप्टिलीन यांचीही दारूशी अशीच बेरीज होते. आणि ती गोळी दुसऱ्या कुणाची मागून घेतलेली असेल तर तिचा डोस आपल्यासाठी ठरवलेलाच नाही, हे लक्षात असू द्या.

आता डॉक्टरांना न सांगण्याबद्दल. यात दोष एकट्या तुमचा नाही, असं मी मनापासून म्हणते. मी स्वतः कित्येक वर्षं रुग्णाला बायको, आई, भाऊ समोर बसलेले असताना विचारत असे, 'दारू वगैरे काही?' त्या 'वगैरे'तच उत्तर ठरलेलं असे. समोरचा मान हलवी, मी पुढच्या प्रश्नावर जाई. आता मी एकट्याला विचारते आणि आकडा विचारते: आठवड्यातून किती दिवस, दिवसाला किती पेग. तुमच्या डॉक्टरांनी असं विचारलं नसेल तर तुम्हीच सांगा. दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय म्हणा. तोंडातून शब्द फुटणार नाहीत असं वाटत असेल तर कागदावर लिहून पुढे करा: 'दर शनिवारी १८० मिलि. क्लोनाझेपाम चालू असताना. एकदा दोन गोळ्या घेतल्या गेल्या, आठवत नाही. काही शनिवारी सगळ्या गोळ्या टाळल्या.' एवढ्या चार ओळींतून डॉक्टरांना जे कळेल ते दोन वर्षांच्या फाइलमध्ये नाही.

ते क्लोनाझेपाम बंद करतील का? कदाचित कमी करतील. पण उद्यापासून बंद, असं कुणी जाणता डॉक्टर करणार नाही. महिनोन्महिने रोज घेतलेली ही गोळी अचानक तोडली तर हात कापणं, झोप पूर्ण उडणं, भीती आणि क्वचित फिट येण्यापर्यंत मजल जाते. ती आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशेबाने उतरवतात. झोपेसाठी दुसरे मार्ग आहेत. निद्रानाशासाठी विकसित केलेली वर्तनोपचाराची पद्धत सहा-आठ सत्रांत शिकवतात आणि तिचा परिणाम गोळीपेक्षा जास्त काळ टिकतो. त्यात अंथरुणातला वेळ कमी करण्याचा एक भाग असतो. अपुऱ्या झोपेने बायपोलर आजार उसळू शकतो म्हणून तो भाग तुमच्यासाठी जपून, माहीतगाराच्या नजरेखाली करावा लागेल. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत. ती द्यायची का, तुमचं यकृत आणि मूत्रपिंड पाहून कुठलं द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील.

तुमच्यापुढचे पर्याय मी असे पाहते. या गोळ्या चालू आहेत तोवर दारू पूर्ण बंद, हे माझं स्पष्ट मत. तुम्ही रोज पीत नाही, त्यामुळे ते शरीराला झेपेल. मात्र कुणी वाचक रोज आणि भरपूर पीत असेल तर त्याने माझं हे वाक्य वाचून एकदम थांबू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम, भास आणि ताप असलेली जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. तिथे दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची असते. त्या काळात डॉक्टर क्लोनाझेपामच्याच गटातल्या गोळ्या मोजून देतात, म्हणून ते उपचारही घरच्या घरी करण्यासारखे नाहीत.

पण समजा, एखादा शनिवार हातातून निसटलाच. तेव्हा त्या रात्री दारूवर झोपेची गोळी घेऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी तिची भरपाई म्हणून दुप्पटही नको. क्लोनाझेपाम रक्तात रेंगाळतं, त्यामुळे एका रात्रीचा डोस हुकला म्हणून शरीर लगेच उघडं पडत नाही. लिथियम आणि क्वेटियापिनचं मात्र स्वतःच्या मनाने ठरवू नका. 'चुकून प्यायलो तर कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही' हे पुढच्या भेटीतच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कपाटाच्या आत चिकटवा. हे विचारायची लाज वाटायचं कारण नाही. त्या रात्री एकटं राहू नका, आणि सकाळी गाडी चालवू नका.

गोळ्यांचं पाकीट पलंगाजवळून आजच हलवा. सात कप्प्यांची डबी आणा. शनिवारचा कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली, मग आठवो न आठवो. बाकीचा साठा बायकोकडे.

म्हणजे बायकोला सांगावं लागेल. हो, सांगा. १९७५ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये कॅरेन ॲन क्विन्लन नावाची २१ वर्षांची मुलगी एका पार्टीत मद्य आणि शांत करणाऱ्या गोळ्या घेतल्यावर पेंगू लागली. मित्रांनी तिला घरी आणून झोपवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर श्वास बंद होता. ती कधीच शुद्धीवर आली नाही, १९८५ मध्ये गेली. तिचं नाव पुढे न्यायालयातल्या खटल्यामुळे जगभर झालं. माझ्या मनात मात्र त्यातलं ते झोपवणंच राहिलंय. मित्रांनी वाईट काही केलं नव्हतं. प्यायलेल्या माणसाला आपण सगळे असंच झोपवतो.

म्हणून घरच्यांना हे माहीत हवं: हाक मारून, खांदा हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा मध्येच थांबून येत असेल, घोरण्यात गुळगुळ आवाज असेल, ओठ निळसर, अंग थंड आणि चिकट लागत असेल, तर ती झोप नाही. लगेच रुग्णवाहिका बोलवायची. माणसाला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही. श्वास थांबला तर फोनवरचे लोक सांगतील तसं छाती दाबायला सुरुवात करायची. उलटी करायला लावायची नाही, तोंडात काही घालायचं नाही. सगळी रिकामी-भरली पाकिटं बरोबर न्यायची आणि दारूचं खरं सांगायचं. क्लोनाझेपामच्या गटातल्या गोळ्यांवर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे, पण रोज गोळी घेणाऱ्याला त्याने फिट येऊ शकते, आणि दारूला तर उताराच नाही. डॉक्टर मुख्यतः श्वास सांभाळतात, आणि त्यासाठी माणूस वेळेत पोचावा लागतो.

तुमचे शनिवार कशासाठी आहेत, हे मला पत्रावरून कळलं नाही. मित्रांसाठी असतील तर पेगशिवायही मित्र भेटू शकतात, सुरुवातीला दोन-तीनदा अवघड जाईल. पण तुम्ही 'कधी घरी एकट्यानेच' असंही लिहिलंय. त्या एकट्या शनिवारी आठ वाजायच्या आधी मनात काय चालू असतं, ते डॉक्टरांना सांगण्यासाठी एका वहीत दोन ओळीत टिपा.

आणि त्याआधी बहिणीला फोन करा. दिवसाढवळ्या, न पिता. 'त्या रात्री मी काय बोललो ते सगळं सांग, मला वाईट वाटेल म्हणून गाळू नकोस,' असं तिला म्हणा. ती एका वाक्यावर थांबली, म्हणजे सांगण्यासारखं बरंच असावं आणि गेला महिनाभर ते तिने एकटीने मनात ठेवलं असावं. ती तयार असेल तर पुढच्या भेटीला तिलाच बरोबर न्या.